दुबई आणि मग कापडे

१४ डिसेंबर २०२१, मंगळवार

दुबईचा व्हिसा आला. फोटोत मी एखाद्या गुन्ह्यात सापडल्यासारखा दिसतो आणि माझी बायको चंद्रभागा त्याच गुन्ह्यातली साक्षीदार.

हे सगळं जुलैत सुरू झालं. महाडात पाणी भरलं त्या दुपारी आम्ही घरचे सगळे गच्चीवर होतो. खालचं बियाण्यांचं दुकान बुडालेलं, जिन्याच्या नऊ पायऱ्या बुडालेल्या, पाणी चढतच होतं. बाकीचे देवाचं नाव घेत होते. चंद्रभागा म्हणाली, "अहो, मला एकदा विमानात बसायचं हाय." मी म्हणालो, बसू. अशा वेळी माणूस नाही म्हणत नाही. पाणी उतरल्यावर ती विसरेल असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी दुकानातला चिखल उपसताना तिने विचारलं, "पासपोर्टाला काय काय लागतं?"

मी एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा महाड डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून. लोकांना सगळीकडे पाठवलं. स्वतः गोव्याच्या पुढे गेलेलो नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पनवेलला दिलेल्या आमच्या मुलीने, श्रुतिकाने, सहलवाल्यांकडे नावं घातली. पाच दिवस. आज दादाला सांगितलं. दादा म्हणजे कोंडाजी, माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून तो, त्याचा मुलगा शुभम, शाळेत शिकवणारी सून अक्षदा, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं दुकानाच्या वर एकत्र राहतो. दादा म्हणाला, "मुरारी, तिला सांग, बाहेरदेशी रोग हाय."

चंद्रभागा त्याच्यासमोर चहा घेऊन उभी होती. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची आमच्यात पूर्वी पद्धत नव्हती. आता सगळेच बोलतात, पण दादाने बदल केलेला नाही. मी तिला सांगितलं, बाहेरदेशी रोग आहे.

"ऐकलं," ती म्हणाली.

१९ डिसेंबर, रविवार

पेपरात रोज कोरोनाच्या नव्या प्रकाराचं येतं. मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि जाण्याचे फायदे-तोटे शांतपणे लिहून काढले. फायद्यात एकच निघाला: चंद्रभागेला विमानात बसायला मिळेल. तोट्यात अकरा.

तिने भाकऱ्या झाल्यावर हात पुसत वाचलं. म्हणाली, "ह्यात 'स्वयंपाकाचं काय' असं पाच वेळा लिवलंय."

मी पुन्हा मोजलं. चार वेळा होतं. एकदा 'दादाच्या जेवणाचं काय' असं होतं, ते वेगळं.

२४ डिसेंबर, शुक्रवार

जे नको तेच झालं. दुबईहून येणाऱ्यांना सात दिवस घरात बंद राहावं लागणार. सातव्या दिवशी तपासणी, मग सुटका.

जेवताना चर्चा झाली. दादा म्हणाला, "पाच आणि सात बारा दिवस! मुरारी, तिला सांग, बारा दिवस घर कसं चालायचं?" शुभम म्हणाला, "काका, फुल रिस्क हाय. कॅन्सल मारा ना. आणि इथं तर तुम्हाला ठेवताच नाय येणार, पोरं हायत, बाबांची शुगर हाय." मला तो मुद्दा पटला. पाच दिवस इमारती बघायच्या आणि त्यासाठी सात दिवस कोंडून घ्यायचं, हा हिशेब कोणत्याही बाजूने बसत नाही. तसं मी म्हणालोही.

मग एवढ्यावर सोडायला नको म्हणून म्हणालो, की फार तर कापड्याचं घर आहे. पोलादपूरच्या पुढे घाटरस्त्याला आमची भाताची जमीन आहे, तिथे दोन खोल्या आणि पडवी आहे. लावणी-कापणीपुरतेच जातो.

"तिकडं आता कोण असतं?" चंद्रभागेने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणीच नाय?"

ती घाबरली असावी. मी धीर दिला की शेताच्या पलीकडे शकूचं घर आहे, अगदीच एकटं वाटणार नाही. ती म्हणाली, "शकू चालंल."

अक्षदा सगळ्यांना वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "जा काकी तुम्ही." शुभमने तिच्याकडे पाहिलं.

२६ डिसेंबर, रविवार

विमान बावीस मिनिटं उशिरा सुटलं. एकाही प्रवाशाने जाब विचारला नाही. हे लोक एसटीत बसले की वेगळे असतात.

चंद्रभागेला खिडकी मिळाली. पूर्ण प्रवासात ती बाहेरच बघत होती. जेवणाचा ट्रे पुढे आला तेव्हा मात्र तिने त्या मुलीला विचारलं, "हे तुम्ही सगळ्यांना वाढणार? मग तुम्ही कधी जेवणार?" मुलीला मराठी येत नव्हतं.

२८ डिसेंबर, मंगळवार. दुबई

सर्वांत उंच इमारत पाहिली. उंच आहे.

हॉटेलात सकाळी जो नाश्ता असतो तो आपणच घ्यायचा असतो, पण केलेला असतो. चंद्रभागा चहा संपल्यावरही वीस मिनिटं तिथेच बसून राहिली. बस खाली उभी होती, मला घाई झाली होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का?

"बरं हाय. कोणी उठवत नाय म्हणून बसले."

घरून सहा फोन. कुकरची रिंग कुठे आहे. दादाची जेवणाआधीची गोळी कुठली. धाकट्याचा स्वेटर. तिने सगळ्यांना सांगितलं. एवढ्या लांबून तिला कपाटाचा कुठला कप्पा हेही आठवत होतं.

३० डिसेंबर, गुरुवार. दुबई

वाळवंटात नेलं. वाळू होती.

१ जानेवारी २०२२, शनिवार. कापडे

मुंबई विमानतळावर नाकात काडी घातली, रिपोर्ट बरा आला, कागदावर सही घेतली. एसटी, रेल्वे काही चालणार नव्हतं. शुभम गाडी घेऊन आला होता, सगळ्या काचा उघड्या ठेवून. पनवेलनंतर मला थंडी वाजू लागली, पण सांगितलं नाही.

महाडला थांबलो नाही. हायवेला अक्षदा उभी होती. तिने तांदूळ, डाळ, तिखट-मीठ असं भरलेली पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि दहा पावलं मागे गेली. मी उतरून पिशवी घेतली. चंद्रभागेने खिडकीतून हात केला. अक्षदाने पण केला आणि मग तो बराच वेळ खाली घेतला नाही.

घराला कोळ्यांची जाळी. चंद्रभागेने पदर खोचला. मी म्हणालो, आजच्या दिवस राहू दे. तिने खरोखरच राहू दिलं. पडवीत चटई टाकून दोघं बसलो. समोर वालाची शेतं. मला हे सात दिवस कसे जाणार याची काळजी वाटते.

२ जानेवारी, रविवार

गावच्या आशा सेविका सोनाली आल्या. अंगणाच्या बाहेरूनच बोलल्या. ताप बघायचं यंत्र आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं चिमट्यासारखं यंत्र पायरीवर ठेवलं. दाराला कागद चिकटवला: गृह विलगीकरण, प्रवेश करू नये.

चंद्रभागेने तो दोनदा मोठ्याने वाचला. "म्हंजे ह्याच्या आत कोणाला येता येत नाय?"

"नाही काकी. तुम्हाला पण जाता येत नाही."

"घरचं माणूस आलं तर?"

"कोणीच नाही. नियम आहे."

"बरं झालं सांगितलंस गो," चंद्रभागा म्हणाली. कागदाचं एक टोक सुटत होतं, ते तिने भाताचं शीत लावून पक्कं केलं. सरकारी नियमांबद्दल तिला एवढा आदर आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

३ जानेवारी, सोमवार

दुपारी बारापर्यंत महाडहून अकरा फोन. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पिठाच्या डब्याचं झाकण लागत नाही. शुभमचा निळा शर्ट. दादाला वरण पातळ लागतं की दाट. मला प्रश्न पडला की ती घरी असते तेव्हा हे प्रश्न कुठे जातात. मग लक्षात आलं, तेव्हा फोन करावा लागत नाही, हाक पुरते.

जेवण झाल्यावर ती पडवीत आडवी झाली आणि झोपली. चार वाजता उठली. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. मी म्हणालो, "तू दुपारी झोपतेस हे मला माहीत नव्हतं."

"मला पण नव्हतं," ती म्हणाली.

४ जानेवारी, मंगळवार

सकाळी तांदळाच्या डब्यात काहीतरी कुरकुरत होतं. उंदीर समजून मी काठी घेतली. तिचा मोबाइल निघाला. विचारलं, तर म्हणाली, "इथं रेंज नाय, म्हणून ठेवला." डब्यात रेंज चांगली येत असावी, कारण दिवसभर तो वाजत होता.

शेवटी माझ्या फोनवर दादाचा फोन आला. "मुरारी, तिला विचार, पाहुण्यांसाठी आणलेली कॉफी कुठं असते." मी तिला विचारलं. ती शकूने बांधावर ठेवलेलं दूध आणायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "सांगा, शोधा म्हणून."

मी 'शोधते म्हणाली' असं सांगितलं. वाद नको.

तीन दिवस राहिले. तिला तसं सांगितलं, बरं वाटेल म्हणून. तिने तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

६ जानेवारी, गुरुवार

काल संध्याकाळपासून तिला ताप. एकशे एक. अंग दुखतंय. सोनालीबाई सकाळीच आल्या, पोलादपूरहून तपासणीवाला आला, दोघांच्याही नाकात काड्या घातल्या. तिला आतली खोली, मला पडवी असं ठरलं.

मी आधीच म्हटलं होतं. रकान्यात ते तिसऱ्या नंबरला आहे.

७ जानेवारी, शुक्रवार

माझा रिपोर्ट बरा, तिचा पॉझिटिव्ह. आणखी सात दिवस.

सोनालीबाई म्हणाल्या, दोन्ही लशी झाल्या आहेत, बहुतेक घरीच निभावेल. ऑक्सिजन दर चार तासांनी बघा, चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर मला फोन करा. मी वहीत तक्ता आखला. सकाळी आठला शहाण्णव. बाराला पंचाण्णव.

डेपोतले आमचे तिघं गेल्या एप्रिलमध्ये गेले. त्यांचं पण तापानेच सुरू झालं होतं. त्यातल्या एकाच्या बायकोने मला सांगितलं होतं की आदल्या दिवशी दुपारी त्याने चहा मागितला होता.

पेज करायला घेतली. भांड्याला खालून लागली. अक्षदाला फोन केला आणि पेज कशी करतात विचारलं. ती हसली. "काका, तुम्ही करताय?" मी म्हणालो, दुसरं कोण आहे इथे? मग तिने सगळं नीट सांगितलं: पाणी किती, तांदूळ किती, आच मंद ठेवायची, मीठ शेवटी. तिला सर्दी झाली असावी, मधेमधे नाक ओढत होती.

८ जानेवारी, शनिवार

सकाळी आठ: त्र्याण्णव.

सोनालीबाईंना फोन केला. त्यांनी पोलादपूरच्या डॉक्टरांना विचारलं. पालथं झोपवा, तासातासाला बघा, ब्याण्णव झाला की गाडी पाठवतो.

नऊ: त्र्याण्णव. दहा: त्र्याण्णव. मी दाराच्या चौकटीपाशी मास्क लावून स्टुलावर बसलो. ती पालथी होती. खोकत होती. मध्येच म्हणाली, "विमानातून ढग खाली दिसत होते. तुम्ही पेपर वाचत होता." मी म्हणालो, बोलू नकोस.

अकरा: त्र्याण्णव.

दादाचा फोन. "मुरारी, तिला विचार, संक्रांतीला लाडू करायला येणार ना ती. चौदाला सुटते तर."

मी म्हणालो, "दादा, त्र्याण्णव आहे."

"काय त्र्याण्णव?"

मी समजावलं. तो मग म्हणाला, "शकूला सांग पेज करायला."

"मी करतो."

"तू?"

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. दादाचा फोन मी आधी ठेवलाय असं या आधी कधी झालेलं नाही. परत करावा की काय असा विचार केला, पण बारा वाजत आले होते.

बारा: चौऱ्याण्णव. दोन: चौऱ्याण्णव. चार: पंचाण्णव.

पंचाण्णव आल्यावर मी मागल्या दारी जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

१० जानेवारी, सोमवार

शहाण्णव. ताप नाही. पेज संपवली आणि आणखी मागितली. चौथी पेज होती, पहिल्यांदाच लागली नाही.

केर काढणं, भांडी, पाणी भरणं, दूध तापवणं, कपडे, तिचे कपडे वेगळे, पुन्हा भांडी. मी डेपोत दिवसाला शंभरावर गाड्या सोडायचो तेव्हा एवढा दमत नसे. शिवाय तिथे आठ तास झाले की दुसरा माणूस येत असे.

ती आतून म्हणाली, "दूध उतू जातंय बघा." गेलंच होतं.

१२ जानेवारी, बुधवार

सत्त्याण्णव. सोनालीबाईंनी अंगणात बसायला परवानगी दिली. शकूने वालाच्या शेंगा ठेवल्या होत्या. मी सोलायला बसलो, मधे सहा हातांचं अंतर ठेवून ती बसली. ती सोलणार म्हणून मी टोपली सरकवली. तिने हात लावला नाही. उन्हात पाय पसरून बसून राहिली.

"परवा सुटका," मी म्हणालो.

"मी नाय जाणार."

"गाडी शुभम आणणार आहे. एसटीचा संपच आहे, तुला एसटीने कोण जा म्हणतंय?"

"गाडीचं नाय म्हणत मी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती शेताकडे बघत होती. म्हणाली, "अहो, त्र्याण्णव झालं ना, तेव्हा मला वाटलं, आता हितंच संपलं तरी चाललं. आठ दिवस मिळाले. मग माझी मलाच भीती वाटली. आठ दिवसांत माणसाचं एवढं भागतं का?"

मी शेंगा सोलत राहिलो. काही किडक्या होत्या, त्या बाजूला काढल्या.

"तुम्हाला जायचं तर जा," ती म्हणाली.

मला नेमकं काय म्हणायचं होतं ते आठवत नाही. "पेज कोण करील," असं काहीतरी म्हणालो. ती हसली. खूप दिवसांनी दात दिसले.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

शुभम दहाला आला. हॉर्न वाजवला. "चला काकी, सगळे वाट बघतायत. बाबांनी तीळ आणून ठेवलेत."

चंद्रभागा पडवीत बसून राहिली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी अंगणात गेलो.

"तिला आणखी आठ दिवस लागतील."

"रिपोर्ट तर ओके हाय ना, काका? आशाबाई बोलली मला."

"ओके आहे. तरी लागतील."

"आणि तुम्ही?"

"मला पण."

शुभम गाडीला टेकून उभा राहिला. "काका, घरी हालत खराब हाय. अक्षदाचे सकाळी ऑनलाइन क्लास असतात, शाळावाले सोडत नाय. पोरांचं, बाबांचं, सगळं तिच्यावर पडलंय. ती बोलत पण नाय माझ्याशी."

"तू काय करतोस?"

"मी दुकान बघतो ना."

"मी डेपो बघायचो," मी म्हणालो. तो रिकामी गाडी घेऊन गेला. मला फार अपराधी वाटेल असं वाटलं होतं. थोडंच वाटलं, ते पण शेंगा भाजेपर्यंत.

१६ जानेवारी, रविवार

दादा आला.

पोलादपूरहून रिक्षा करून, काठी घेऊन, डोक्याला मफलर. अंगणाच्या तोंडाशी थांबला. दारावरचा कागद तसाच आहे, चंद्रभागा काढू देत नाही. दादाने तो वाचला आणि आत पाऊल टाकलं नाही. कागद जुना झाला हे मी सांगितलं नाही.

"मुरारी," तो म्हणाला, "तिला सांग, घर पडलंय."

चंद्रभागा पायरीवर बसली होती. तीन हातांवर. रोजच्यासारखं मी तिच्याकडे वळलो आणि तोंड उघडलं. पण मला ते वाक्य म्हणता येईना. घर पडलेलं नव्हतं. जुलैत पाणी भरलं तेव्हाही पडलं नव्हतं.

"दादा, ती इथेच आहे," मी म्हणालो. "तूच सांग."

दादाचं तोंड लाल झालं. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. शकूची कोंबडी अंगणात आली होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "चंद्रभागा."

त्याला नाव माहीत होतं.

"काय, दादा?" ती म्हणाली. उभी राहिली नाही.

"साखर वाढली माझी. अडीचशे."

"गोळी जेवणाच्या आधी घ्यायची. तुम्ही नंतर घेताय."

"कोणी देत नाय."

"डबा तुमच्या उशाशी हाय. हात पोचतो."

मग ती सावकाश बोलू लागली. एवढं सलग बोललेलं मी तिला क्वचित ऐकलंय. म्हणाली, "शुभमला भाकरी येत नसंल तर भात लावू दे. कुकर लावायला शिकायला एक दिवस लागतो, ह्यांना तीन लागले. अक्षदाला सकाळी हाका मारू नका, तिची शाळा असते. मी यीन. कधी यीन ते मी ठरवीन. आले तरी पाहुणी म्हणून यीन आणि परत हितं यीन."

"लोक काय म्हणतील?" दादाने विचारलं. हे मात्र त्याने मला विचारलं.

"काय म्हणतील ते तू मला सांग, मी तिला सांगतो," मी म्हणालो. मी हे सरळ म्हणालो होतो, पण चंद्रभागेने पदर तोंडाला लावला.

मी चहा केला. बिनसाखरेचा. दादा अंगणाबाहेरच्या दगडावर बसून प्यायला. निम्मा झाल्यावर कपात बघत म्हणाला, "हा तू केलास?" मी हो म्हणालो. तो उरलेला पण प्यायला. जाताना खिशातून विकतच्या तिळगुळाची पुडी काढली. मला द्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. कागदाकडे एकदा बघून दोन पावलं अंगणात आला, पुडी पायरीवर तिच्याजवळ ठेवली आणि रिक्षाकडे गेला.

तिने पुडी उघडली नाही. संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसली. मला वाटतं, गोड खाण्याची इच्छा नसावी.

२९ जानेवारी, शनिवार

पोलादपूर स्टँडवर डेपोतले जुने सोबती भेटले, संपावर बसलेले. विचारू लागले, काय साहेब, दुबई कशी आहे? वर ते कोंडून घेणं! पुन्हा जाल का? आम्ही तर म्हणतो, असल्या दिवसांत कशाला जायचं.

मी विचार करून सांगितलं की दुबई ठीक आहे, पण निव्वळ दुबईसाठी जाऊ नये. परत आल्यावर कोंडत असतील तरच जावं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. पालकाची जुडी घेऊन घरी आलो.

५ फेब्रुवारी, शनिवार

चंद्रभागा दोन दिवस महाडला जाऊन आली. मी पण गेलो होतो. शुभमने कुकर लावला. भात झाला होता, डाळ कच्ची होती. दादा तेच जेवला. चंद्रभागेने उठून डाळ परत शिजवली नाही. हात धुऊन बसून राहिली. मला तिच्या बसण्याचं फार टेन्शन आलं, पण काही झालं नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपरात बातमी आहे. येत्या सोमवारपासून परदेशातून येणाऱ्यांना सात दिवस घरात बसायची सक्ती नाही. नियम रद्द.

दुपारी अक्षदा आली, पोलादपूरहून रिक्षाने. चेहरा ओढलेला. पण मी म्हटलं, हिला आनंदाची बातमी देऊ. शुभम नेहमी म्हणतो ना, एकदा बँकॉकला जाऊ, पण क्वारंटाइन लागलं तर काय. मी मोठ्याने वाचून दाखवलं. "आता बिनधास्त जा," मी म्हणालो. "आल्यावर कोणी कोंडणार नाही."

"म्हणजे आता कोणालाच सात दिवस नाहीत?" तिने विचारलं.

"कोणालाच नाहीत. सोमवारपासून."

तिचा चेहरा उतरला. मला कारण कळेना. पुन्हा बातमी वाचली, माझं वाचताना काही चुकलं का ते बघायला. चुकलं नव्हतं.

चंद्रभागा पडवीतून उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या गालावर हात ठेवला. "सरकारी नियम नसला म्हणून काय झालं गो?" ती म्हणाली. "तू ये. कवा पण ये."

अक्षदा रडायला लागली. मला तिथे उभं राहणं बरं वाटेना, म्हणून रिक्षातलं सामान उतरवायला गेलो. एकच पिशवी होती, पण जड. पोरांचे कपडे आणि खेळणी असणार असं समजून मी ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि पाच माणसांचा भात टाकला.

भात उतरवताना लक्षात आलं की पोरं आलेलीच नाहीत.